पहिला एफएम सिंथ कसा निवडाल?

माझ्याकडे कीबोर्ड शिकायला येणारी मुलं वर्षातून दोन-तीनदा तरी एकच प्रश्न विचारतात: "सर, एफएम सिंथ घ्यायचाय. हार्डवेअर घेऊ की प्लगइन?" एफएम सिंथ म्हणजे एका लहरीने दुसरी लहर हलवून नाद तयार करणारं इलेक्ट्रॉनिक वाद्य. हार्डवेअर म्हणजे त्याचं स्वतंत्र यंत्र, आणि प्लगइन म्हणजे संगणकात चालणारं त्याचं सॉफ्टवेअर. या प्रश्नामागे बहुतेक वेळा एक समजूत असते. खरा आवाज हार्डवेअरमध्येच असतो आणि प्लगइन म्हणजे पैसे साठेपर्यंत चालवून घ्यायची गोष्ट, अशी ती समजूत. विजेच्या सर्किटमधून थेट आवाज काढणाऱ्या ॲनालॉग सिंथबद्दल असा वाद घालायला थोडी तरी जागा आहे. एफएमच्या बाबतीत ती समजूत मुळातच चुकीची आहे, आणि तीच डोक्यात ठेवून दुकानात गेलात तर पैसे भलत्याच वस्तूवर खर्च होतात. म्हणून पायरीपायरीने जाऊ. हाताशी संगणक आणि हेडफोन असतील, तर पहिल्या चार पायऱ्यांना एक रुपयाही लागत नाही.

पायरी पहिली: एफएम म्हणजे काय, ते कानाने समजून घ्या

गायक स्वर लावून तो हळूच हलवतो, तेव्हा तो स्वर सेकंदाला पाच-सहा वेळा किंचित वर-खाली होतो. ते हलणं आपल्या कानाला स्पष्ट कळतं. आता हेच हलणं सेकंदाला पन्नास वेळा, शंभर वेळा, दोनशे वेळा होऊ लागलं तर? कुठल्याच गळ्याला ते जमणार नाही, पण संगणकाला जमतं. एका मर्यादेपलीकडे कान ते हलणं वेगळं ऐकायचं सोडून देतो आणि त्याला एक नवाच नाद ऐकू येतो. तो कधी पितळी असतो, कधी लाकडी, कधी घंटेसारखा. १९६७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चाउनिंग हे संगीतकार स्वराचा कंप वाढवत नेऊन पाहत होते, तेव्हा हे त्यांच्या कानावर पडलं. १९७३ साली त्यांनी त्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला, स्टॅनफर्डने या पद्धतीचा परवाना यामाहाला दिला आणि १९८३ साली यामाहाचा डीएक्स७ हा एफएम सिंथ बाजारात आला.

चार शब्द इथेच पक्के करा, पुढे ते सतत लागतील. जी लहर आपल्याला ऐकू येते ती कॅरिअर. जी तिला हलवते ती मॉड्युलेटर. ती स्वतः ऐकू येत नाही, तिचा परिणाम ऐकू येतो. या दोन्ही कामांसाठी वापरायच्या लहरीला ऑपरेटर म्हणतात. आणि कुठला ऑपरेटर कुणाला हलवणार, याच्या ठरलेल्या मांडणीला अल्गोरिदम. डीएक्स७ मध्ये सहा ऑपरेटर आणि ३२ अल्गोरिदम आहेत.

आता थोडं गणित, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. कॅरिअर २०० हर्ट्झ (सेकंदाला २०० कंप) आणि मॉड्युलेटरही २०० हर्ट्झ असेल, तर २००, ४००, ६००, ८०० असे स्वर तयार होतात. सगळे एकमेकांच्या पटीत बसतात आणि कानाला एकसंध, सुरेल नाद मिळतो. मॉड्युलेटर २८० केला की २००, ४८०, ७६० असे स्वर वर मिळतात, आणि खालच्या बाजूला शून्याखाली गेलेले स्वर उलटून ८०, ३६०, ६४० असे परत येतात. हे २००च्या पटीत बसत नाहीत, म्हणून कानाला धातूवर टोला पडल्यासारखं वाटतं. देवळातल्या घंटेचा मूळ स्वर पेटीवर शोधायला गेलात, तर दोन-तीन पट्ट्यांवर बोट अडखळतं, ते याच कारणाने. चाउनिंग यांच्या निबंधातलं घंटेचं उदाहरणही याच प्रमाणाचं आहे, एकास १.४.

पायरी दुसरी: नाद म्हणजे आकडे, हे एकदा डोळ्यांनी पाहा

डीएक्स७ हा पहिल्यापासून डिजिटल होता. त्याच्या चिप लहरींचे आकडे मोजत आणि अगदी शेवटी त्या आकड्यांचा आवाज करत. त्यातला एक नाद, म्हणजे एक पॅच, बँकेत साठवायला १२८ बाइट लागतात. ३२ पॅचची पूर्ण बँक एका फाइलमध्ये येते आणि त्या फाइलचा आकार असतो ४,१०४ बाइट. तुमच्या फोनमधला एखादा साधा फोटो याच्या शेकडो पट मोठा असतो.

आता डेक्स्ड हा प्लगइन उतरवून घ्या. तो मोफत आहे, त्याचा सोर्स कोड खुला आहे, आणि तो विंडोज, मॅक, लिनक्स या तिन्हींवर चालतो. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर नसेल तरी चालेल. तो एकटाही उघडतो. त्यात डीएक्स७ ची कुठलीही जुनी बँक उघडा. १९८३ साली एखाद्या वादकाने छोट्याशा पडद्यावर एकेक आकडा भरून केलेला नाद तुमच्या लॅपटॉपवर जसाच्या तसा उभा राहतो. ही नक्कल ध्वनिमुद्रणावरून केलेली नाही. तेच आकडे, तीच मांडणी आणि जवळजवळ तेच गणित आहे.

मग फरक काहीच नाही का? आहे, पण तो भलतीकडे आहे. जुन्या डीएक्स७ मध्ये आकड्यांचा आवाज करणारा शेवटचा भाग १२ बिटचा, म्हणजे आजच्या मानाने जाडाभरडा होता. त्यामुळे लांब विरत जाणाऱ्या स्वरात एक बारीक खरखर राहते आणि काहींना तीच हवी असते. डेक्स्डमध्ये इंजिन निवडायची सोय आहे. त्यातलं मार्क वन हे इंजिन त्या जुन्या खरबरीत आवाजाच्या जवळ जाण्यासाठीच ठेवलंय. मार्क वन आणि दुसऱ्या एखाद्या इंजिनावर एकच घंटा वाजवून शेवटचे दोन सेकंद हेडफोनवर ऐका. पूर्ण वाद्यवृंदात, ढोलकी आणि बेसच्या मागे, हा फरक ओळखणं मला तरी जमलेलं नाही.

पायरी तिसरी: तीन नाद स्वतः बांधा

ही पायरी चुकवू नका. तयार पॅच चाळत बसलात तर तीन महिन्यांनंतरही हार्डवेअर की सॉफ्टवेअर हे ठरणार नाही, कारण तुमचा हात कुठे अडतो हे तुम्हाला कळलेलंच नसेल.

डेक्स्डमध्ये 'इनिट' बटण दाबा. सगळं कोरं होतं आणि एक साधी, गोल लहर ऐकू येते. अल्गोरिदम पाचवा निवडा. यात ऑपरेटरांच्या तीन जोड्या आहेत: दुसरा पहिल्याला हलवतो, चौथा तिसऱ्याला, सहावा पाचव्याला. आपल्याला सध्या पहिली जोडी पुरे.

पहिल्या ऑपरेटरची लेव्हल ९९ आहे, ती तशीच राहू दे. दुसऱ्याची लेव्हल शून्यावरून सावकाश वाढवा आणि एक पट्टी दाबून धरा. पन्नासपर्यंत फारसं काही होत नाही. साठीच्या पुढे आवाजाला धार येऊ लागते, ऐंशीला तो पितळी वाद्यासारखा होतो, नव्वदीत कर्कश. एवढ्या एका स्लायडरवर एफएमचं अर्धं शिक्षण होतं: मॉड्युलेटरची लेव्हल म्हणजे आवाजाची चमक. आता त्याच दुसऱ्या ऑपरेटरचा रेशो, म्हणजे त्याची लहर वाजवलेल्या स्वराच्या किती पट आहे तो आकडा, एकवरून दोन करा. आवाज पोकळ होतो, क्लॅरिनेटच्या वळणाचा, कारण आता मूळ स्वराच्या फक्त विषम पटी उरल्या आहेत.

दुसरा नाद घंटेचा. रेशो पुन्हा एक करा आणि त्याखालचा 'फाइन' ४० वर न्या, म्हणजे १.४ झाला. मग दोन्ही ऑपरेटरांच्या एन्व्हलपकडे, म्हणजे आवाज कसा चढतो आणि विरतो त्या आराखड्याकडे, वळा. डीएक्स७ च्या एन्व्हलपमध्ये चार वेग आणि चार पातळ्या असतात. पहिली पातळी ९९ आणि तिचा वेगही ९९ ठेवा, बाकीच्या तिन्ही पातळ्या शून्यावर आणा. दुसरा आणि चौथा वेग तीसच्या आसपास ठेवून कानाने ठरवा. मॉड्युलेटरचा वेग कॅरिअरपेक्षा थोडा जास्त असू द्या. टोला पडतो तेव्हा खणखणीत, मग चमक आधी विरते आणि मागे मऊ गुंजन उरतं. खऱ्या घंटेतही वरचे स्वर असेच आधी मरतात. चौथा वेग विसरलात, तर बोट उचलल्याबरोबर घंटा तुटते. माझ्या जवळजवळ प्रत्येक विद्यार्थ्याची पहिली घंटा अशी तुटलेली असते.

तिसरा नाद इलेक्ट्रिक पियानोचा, ज्याने ऐंशीच्या दशकातली जगभरची पॉप गाणी भरून टाकली. तिसऱ्या आणि चौथ्या ऑपरेटरची जोडी लेव्हल वाढवून एकास एक ठेवा; तो अंगाचा गोल आवाज. पहिल्या जोडीत मॉड्युलेटरचा रेशो १४ करा, लेव्हल साठच्या आत ठेवा आणि त्याचा आवाज झटकन विरू द्या. ती पट्टीवर बोट पडतानाची काचेसारखी टिंग. आता दोन्ही मॉड्युलेटरांची व्हेलॉसिटी सेन्सिटिव्हिटी, म्हणजे बोटाच्या जोराला मिळणारी दाद, वाढवा. शून्य ते सातपैकी चार-पाचवर आणा. हळू वाजवलं तर मऊ, जोरात वाजवलं तर घंटी.

इथे आपल्याकडच्या वादकांसाठी एक गोष्ट सांगायलाच हवी. पेटीवर तयार झालेल्या बोटांना पट्टी किती जोरात दाबायची याची सवय नसते, कारण पेटीत जोर भात्यात असतो. पंधरा वर्षं भजनाला साथ केलेल्या एका गृहस्थांना मी हा इलेक्ट्रिक पियानो वाजवायला दिला, तेव्हा सगळे स्वर एकाच चमकीचे निघत होते. त्यांना वाटलं सिंथच बिघडलाय. मी दुसरं काही न सांगता फक्त एवढंच म्हणालो, "एकच सा आठ वेळा वाजवा, प्रत्येक वेळी आधीपेक्षा थोडा हलका." पाचव्या सा ला त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. एफएममध्ये बोटाचा जोर आवाजाचा लहानमोठेपणाच नव्हे, त्याचा रंगसुद्धा बदलतो. म्हणून पुढे जे काही घ्याल, त्याच्या पट्ट्या हा खरेदीतला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे.

पायरी चौथी: तीन आठवडे वही ठेवा

रोज अर्धा तास बसा आणि कुठे कंटाळा आला, कुठे हात अडला, ते एका ओळीत लिहा. माझ्या अनुभवात नोंदी साधारण तीन प्रकारच्या निघतात. "माउसने आकडे बदलायचा वैताग येतो, हाताखाली नॉब हवेत" असं वारंवार येत असेल, तर तुम्ही हार्डवेअरचे गिऱ्हाईक आहात. "लॅपटॉप उघडला की मेल आणि व्हिडिओच बघत बसतो" असं येत असेल, तरीही हार्डवेअरच. स्वतंत्र वाद्यासमोर बसल्यावर मन लागतं, हे कारण पुरेसं आहे. पण "आवाज अजून भरीव हवा", "एकाच वेळी चार नाद हवेत", "कालचं गाणं उघडल्यावर सगळं जसंच्या तसं हवं" असं लिहिलं असेल, तर सॉफ्टवेअरमध्येच राहा. हार्डवेअर घेऊन यातली एकही अडचण सुटत नाही, उलट दोन वाढतात.

पायरी पाचवी: सॉफ्टवेअर ठरलं, तर पैसे प्लगइनवर घालू नका

आधी पट्ट्यांवर घाला. व्हेलॉसिटी नीट ओळखणारा ४९ किंवा ६१ पट्ट्यांचा मिडी कीबोर्ड (कुठली पट्टी किती जोरात दाबली ते संगणकाला कळवणारा), त्यानंतर बरे हेडफोन, त्यानंतर ऑडिओ इंटरफेस (संगणकाचा आवाज बाहेर काढणारी वेगळी पेटी). याच क्रमाने.

इंटरफेस कशासाठी, तर लेटन्सीसाठी. पट्टी दाबल्यापासून आवाज येईपर्यंतचा वेळ म्हणजे लेटन्सी. बफर, म्हणजे संगणक एका वेळी तयार करतो तो आवाजाचा तुकडा, १२८ सॅम्पलचा आणि दर सेकंदाला ४८,००० सॅम्पल असेल, तर बफरचा उशीर साधारण २.७ मिलिसेकंद होतो, ५१२ केला तर १०.७. कीबोर्ड आणि यूएसबीचा उशीर यात मिळवावा लागतो. एफएमची टिंग अत्यंत टोकदार असल्यामुळे हा उशीर संथ व्हायोलिनच्या नादापेक्षा इथे जास्त जाणवतो. विंडोजवर एसिओ ड्रायव्हर (आवाज कमी उशिराने पोचवणारं सॉफ्टवेअर) घातल्याशिवाय लेटन्सीवरून प्लगइनला नावं ठेवू नका. आणि ब्लूटूथ हेडफोनवर वाजवायला बसू नका, उशीर इतका असतो की हात आपोआप मंदावतो.

प्लगइनचं म्हणाल, तर तुमच्याकडे बहुधा आणखी एखादा आधीच आहे. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरपैकी लॉजिकमध्ये ईएफएम१ येतो, एबलटनच्या वरच्या आवृत्तीत ऑपरेटर येतो, एफएल स्टुडिओच्या काही आवृत्त्यांत सायट्रस. ऑपरेटरचा पडदा नवशिक्यांना सर्वांत लवकर कळतो, कारण त्यात चारच लहरी आहेत आणि सगळं एका नजरेत दिसतं. विकतच्यांत नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सचा एफएम८ जुना पण दमदार आहे, आणि आर्टुरियाचा डीएक्स७ व्ही जुन्या यंत्राला नवा चेहरा देतो. दोन्ही डीएक्स७ च्या बँका उघडतात. पण डेक्स्डमध्ये तीन नाद स्वतः बांधून झाल्याशिवाय यांच्यावर खर्च करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्या संगीतासाठी सॉफ्टवेअरची एक जमेची बाजू आहे, ती सहसा कुणी सांगत नाही. डेक्स्डमध्ये स्वरांच्या ट्यूनिंगची फाइल चढवता येते. म्हणजे पाश्चात्त्य बारा समान भागांऐवजी तानपुऱ्याशी जुळणारा गांधार किंवा कोमल ऋषभ ठेवता येतो. मूळ डीएक्स७ मध्ये ही सोय नव्हती, ती डीएक्स७ च्या दुसऱ्या पिढीत आली. गायकाच्या साथीला एफएमचा झंकार वापरणार असाल, तर याच एका कारणासाठी मी प्लगइन निवडेन. काळी चार असो की पांढरी दोन, शुद्ध जुळलेला पंचम एफएमच्या स्वच्छ लहरींत फार सुंदर उभा राहतो.

पायरी सहावी: हार्डवेअर ठरलं, तर तुमचा अडथळा कुठला ते पाहून निवडा

कोर्गचा वोल्का एफएम तळहाताएवढा आणि सर्वांत स्वस्त. डीएक्स७ सारखेच सहा ऑपरेटर, ३२ अल्गोरिदम, आणि जुने पॅच त्यात चढतात. पण यात दोन आवृत्त्या आहेत आणि सेकंडहँड बाजारात दोन्ही मिळतात. २०१६ सालची पहिली आवृत्ती एका वेळी तीनच स्वर वाजवते आणि बाहेरून मिडी कीबोर्ड जोडला तर बोटाच्या जोराला दाद देत नाही. तिसऱ्या पायरीत एवढा वेळ ज्या गोष्टीवर घालवला, तीच नाही! २०२२ साली आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत सहा स्वर आहेत आणि ही उणीव दूर झाली आहे. घेतलात तर दुसरी आवृत्तीच घ्या.

यामाहाचा रिफेस डीएक्स २०१५ सालचा. ३७ छोट्या पट्ट्या, चार ऑपरेटर, १२ अल्गोरिदम, आठ स्वर. बॅटरीवर चालतो आणि स्पीकर अंगातच आहेत. प्रवासात, गच्चीत, लोड शेडिंग असताना बसून वाजवावं असं हे वाद्य आहे. चार ऑपरेटर म्हणजे कमी, असं समजू नका. यात प्रत्येक ऑपरेटरला स्वतःचा फीडबॅक आहे, म्हणजे तो स्वतःलाच हलवू शकतो, त्यामुळे एकेक लहर मुळातच साध्या गोल लहरीपेक्षा श्रीमंत होऊ शकते. मात्र सहा ऑपरेटरांचे डीएक्स७ चे पॅच यात जात नाहीत. छोट्या पट्ट्यांवर दोन्ही हातांनी पियानो वाजवणाऱ्यांना अडचण होते, तेव्हा दुकानात किमान दहा मिनिटं प्रत्यक्ष वाजवून पाहा.

वहीत "नॉब हवेत" असं लिहिलेल्या माणसासाठी कोर्गचा ऑपसिक्स. २०२० साली आला. सहा ऑपरेटरांसाठी सहा स्लायडर आणि सहा नॉब समोरच आहेत. कॅरिअर कुठले आणि मॉड्युलेटर कुठले हे दिव्यांच्या रंगावरून कळतं आणि अल्गोरिदम बदलला की रंगही बदलतात. मी आजवर पाहिलेल्या यंत्रांत एफएम शिकवायला याच्याइतकं सोयीचं दुसरं नाही. त्याची ऑपसिक्स नेटिव्ह नावाची सॉफ्टवेअर आवृत्तीही मिळते. आधी तिची चाचणी आवृत्ती वापरून पाहिलीत तर यंत्राचा अंदाज घरबसल्या येतो.

एलेक्ट्रॉनचा डिजिटोन मुख्यतः तालाचे तुकडे रचणाऱ्यांसाठी आहे, पट्ट्यांवर वाजवणाऱ्यांसाठी नाही. यामाहाचे मोंटाज आणि एमओडीएक्स ही मोठी मंचावरची वाद्यं. त्यांत आठ ऑपरेटरांचा एफएम आहे, पण पहिल्या खरेदीसाठी ती घेऊ नका.

सोल्डरिंग येत असेल, इलेक्ट्रॉनिक्सची आवड असेल, तर एक मधला मार्गही आहे. मिनीडेक्स्ड हे मोफत सॉफ्टवेअर रास्पबेरी पाय या छोट्या बोर्डावर चढवलं की आठ डीएक्स७ एकत्र वाजवणारी पेटी तयार होते. इंजिनीअरिंगच्या मुलांसाठी सुट्टीतला उत्तम उद्योग.

पायरी सातवी: जुना डीएक्स७ समोर आला तर

मोह होतोच. तपकिरी अंग, हिरवट बटणं, आणि त्या पट्ट्या आजही बहुतेक नव्या कीबोर्डांपेक्षा हाताला चांगल्या लागतात. पण पैसे देण्याआधी एवढं पाहा.

यंत्राच्या मागच्या बाजूला छापलेलं व्होल्टेज वाचा. जपानहून आलेलं यंत्र १०० व्होल्टचं, अमेरिकेहून आलेलं १२० व्होल्टचं असू शकतं. आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये ते थेट लावलं तर पॉवर सप्लाय जळतो. योग्य क्षमतेचा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, तो रोज उचलावा लागेल, आणि यंत्र स्वतःच चौदा किलोच्या घरात आहे.

दुसरी बॅटरी. पॅच लक्षात ठेवणारी एक छोटी लिथियम बॅटरी आत असते. ती संपली की सगळे ३२ नाद भलतेसलते होतात. बॅटरी बदलणं अवघड नाही, पण आधी आतले पॅच मिडीवरून संगणकात उतरवून घ्यावे लागतात, नाहीतर ते गेलेच. संगणकातून परत चढवताना यंत्राचं मेमरी प्रोटेक्ट बंद करायला विसरू नका. ते चालू असेल तर यंत्र काहीच घेत नाही आणि माणूस केबलला दोष देत बसतो.

तिसरं म्हणजे प्रत्येक पट्टी एकदा हळू, एकदा जोरात वाजवा, आणि प्रत्येक सपाट बटण दाबून बघा. पडद्याला मागून प्रकाश नाही, हा दोष नाही, तो तसाच येतो.

हे सगळं ठीक असलं, तरी हा शिकण्यासाठीचा सिंथ नव्हे. यात एका वेळी एकच आकडा दिसतो आणि एकाच स्लायडरने बदलावा लागतो. वाजवण्यासाठी जरूर घ्या. नाद डेक्स्डमध्ये बांधा आणि केबलने यात पाठवा. माझं स्वतःचं काम वर्षानुवर्षं असंच चालतं.

पायरी आठवी: मंचावर न्यायचं असेल तर

एका गणेशोत्सवाच्या कार्यक्रमात मी लॅपटॉपवरचा एफएम वापरला होता. तालमीत सगळं उत्तम. संध्याकाळी मंडप जनरेटरवर गेला आणि पहिल्याच भक्तिगीतात स्पीकरमधून संथ घूं सुरू झालं. लॅपटॉपच्या चार्जरमधून ते येत होतं. चार्जर काढला, घूं थांबलं, आणि उरलेला कार्यक्रम बॅटरीची टक्केवारी बघत काढला. तेव्हापासून ग्राउंड लिफ्ट (ग्राउंडची जोडणी तोडून घूं थांबवणारं बटण) असलेला डीआय बॉक्स (वाद्य ध्वनियंत्रणेला जोडणारी छोटी पेटी) मी बॅगेतून काढलेला नाही. लॅपटॉप मंचावर नेणार असाल तर तो घ्याच. वाय-फाय आणि अपडेट बंद ठेवा, कार्यक्रमात बफर १२८ऐवजी २५६ ठेवा, आणि लॅपटॉप थेट टेबलावर न ठेवता स्टँडवर ठेवा म्हणजे खालून हवा खेळेल. मंडपात मे महिना नसला तरी उकाडा असतो.

महिन्यातून चार कार्यक्रम करत असाल, तर मंचासाठी हार्डवेअर घ्या, असंच मी सांगेन. आवाज जास्त चांगला येतो म्हणून नव्हे. वीज जाऊन आली तरी ते काही सेकंदांत पुन्हा उभं राहतं म्हणून.

पायरी नववी: घेतल्यावर पहिला आठवडा

हार्डवेअर घरी आलं की त्यातले तयार नाद लगेच चाळू नका. तिसऱ्या पायरीतले तुमचे तीन नाद त्यात आणा. डीएक्स७ चे पॅच घेणारं यंत्र असेल तर फाइलने, नसेल तर आकडे हाताने भरून. मग तेच हेडफोन आधी लॅपटॉपला आणि नंतर यंत्राला लावून घंटा, पितळी नाद आणि इलेक्ट्रिक पियानो एकामागून एक वाजवा. आवाजातला फरक नोंदवा, पण त्याहून जास्त लक्ष बोटांकडे द्या: इलेक्ट्रिक पियानोचा तोच सा आठ वेळा उतरत्या जोराने वाजवता येतो का, नॉब फिरवताना हात अडखळतो का, अर्ध्या तासाने उठावंसं वाटतं की बसावंसं. दुकानाची परत घेण्याची मुदत संपायच्या आत हे करून टाका. सगळे नाद संगणकावर एका फोल्डरमध्ये तारीख घालून ठेवा, आणि त्या फोल्डरची एक प्रत पेन ड्राइव्हवर.